तिसऱ्या पेटीचा वास

खतकाकांना खतकाका म्हणायला लागून सहा वर्षं झाली. त्याआधी ते नुसते तिसऱ्या मजल्यावरचे काका होते, आणि नोकरीत असताना तर ते कुणाला धड माहीतही नव्हते. सकाळी लवकर डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे. एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात काढली. कढईतला माल साच्यात ओतण्याआधी वासाला पास करायचा, हे त्यांचं काम. तेल खवट लागतंय का, सुगंध जास्त पडलाय का, हे ते नुसतं हुंगून सांगायचे. कागदावरच्या तपासण्या होत्याच, पण मोठे साहेबसुद्धा म्हणायचे, "आधी त्यांना हुंगू द्या, मग कागद दाखवा."

निवृत्त झाल्यावर मात्र या गुणाला घरात गिऱ्हाईक उरलं नाही. काकू केर काढायला आल्या की "पाय वर घ्या", फरशी पुसायला आल्या की "जरा गॅलरीत बसा". काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भाजी लागणार असल्याचं सांगायचे, आणि ती लागायचीच, म्हणून काकू जास्तच चिडायच्या. "कारखान्यातून नाक तेवढं घेऊन आलात घरी," असं त्या म्हणायच्या. दोन वर्षं माणूस असा अडगळीसारखा इकडून तिकडे सरकवला गेला.

त्यांच्या चार जुन्या बिल्डिंगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या आणि मधे एक चौक होता. चौक कसला, उकिरडाच. खिडकीतून पिशवी सोडायची, खाली धप्प आवाज आला की काम झालं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई त्या वेळी पहिल्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या आणि त्यांनी साठ घरांच्या मागे लागून लागून तो चौक साफ करवला. गच्चीवरून उतरणारं पाणी साठवायला चौकात ड्रम आले. गच्चीवर वांगी, मिरच्या, पालेभाज्या लागल्या. जिन्याखालच्या एका खोलीत सगळ्यांच्या मालकीची हत्यारं ठेवली गेली. चार बिल्डिंगांना मिळून एक शिडी आणि त्या शिडीवरून भांडणं मात्र दर महिन्याला. तळमजल्यावरच्या सुतारानं मोडक्या दारांच्या फळ्यांतून खताच्या तीन मोठ्या पेट्या ठोकून दिल्या, आणि साठ घरांचा ओला कचरा त्यांत पडायला लागला.

पहिल्या महिन्यातच पेट्या अशा काही कुजल्या की लोक बाईंना शिव्या द्यायला लागले. तेव्हा काका खाली उतरले. वाकले, हुंगलं, आणि म्हणाले, "गुदमरलंय हे. हवा नाही आत. खालवर करा आणि सुताराकडचा भुसा घाला." चार दिवसांत वास गेला. बाईंनी सगळ्यांसमोर टाळी वाजवली. त्या टाळीनं काकांचं उरलेलं आयुष्य ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग रीतच पडली. दर शनिवारी सकाळी पेट्यांची झाकणं उघडायची. काका मूठभर खत उचलायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. भोवती जमलेली माणसं गप्प व्हायची. मग काका एक तर "झालं" म्हणायचे, नाही तर "अजून आठ दिवस". त्यांच्या होकाराशिवाय एक टोपलीसुद्धा गच्चीवर जायची नाही. कुणी शंका काढली तर बाईच सांगायच्या, "काकांनी हुंगलंय ना? मग विषय संपला." काकांना हे आवडायचं. आवडायचं म्हणजे काय, शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांचा चेहरा बदलायचा. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून खत हुंगायला उतरायचे.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात गेले. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण चहा गरम पाण्यासारखा लागायला लागला. आधी वाटलं, सर्दी आहे. मग एक दिवस न्हाणीघरात त्यांनी साबणाची वडी नाकाला लावली. दगड लावल्यासारखी वाटली. एकतीस वर्षं जो वास अंगातून जात नव्हता, त्याचा मागमूस नव्हता. काका ओल्या अंगानं तसेच स्टुलावर बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत कदाचित. नाहीही येणार. या वयात सांगता येत नाही." काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "अशक्तपणा आहे म्हणे." लपवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. शनिवारी सांगू, असं मनाशी म्हणत ते खाली उतरले. झाकण उघडलं, माणसं गप्प झाली, सगळ्यांचे डोळे त्यांच्या मुठीकडे लागले, आणि जीभ काही उचलेना. त्यांनी डोळे मिटले. खताचा रंग बघून ठेवला होता, बोटांना ते भुसभुशीत लागत होतं. "झालं," ते म्हणाले.

आणि खरंच झालेलं होतं! इतक्या वर्षांचा हात होता तो. पुढचे दोन महिने असंच निभावलं. नाकाचं काम डोळे आणि बोटं करत होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. काकांनी स्वतःची समजूतही घातली, की अनुभव म्हणजे काही नुसतं नाक नव्हे. माणूस स्वतःला गंडवायला बसला की वकिलाची गरज लागत नाही.

इस्त्रीवालीची खोली चौकातच होती, मागच्या जिन्याखाली. नवरा गेल्यावर तिला ती जागा सगळ्या बिल्डिंगांनी मिळून दिली होती. चाळिशीची बाई, बोलायला मोजकी, कामाला वाघीण. साठ घरांचे कपडे तर ती करायचीच, पण तिचं खरं पोट होतं रस्त्यापलीकडच्या लॉजच्या चादरींवर. कपड्याचं बटण तुटलेलं दिसलं तर न सांगता लावून द्यायची. तिच्या खोलीच्या मागच्या भिंतीला वर एक झरोका होता, आणि त्याच भिंतीला टेकून बाहेर तिसरी पेटी.

एका सकाळी तिनं काकांना हाक मारली. "काका, जरा बघता का? तिसऱ्या पेटीला वास मारतोय. आठ दिवस झाले. चादरींना लागतोय."

काका गेले. झाकण उचललं. वरचा थर कोरडा, छान तपकिरी. वाकले, हुंगलं. अर्थात काहीच आलं नाही. आजूबाजूला दोघं-तिघं भाजीची सालं टाकायला आलेले होते, ते थांबून बघत होते. त्यांतल्या एकाला जरी म्हटलं असतं, की बाबा रे, तू बघ जरा हुंगून, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण काकांनी आयुष्यात कधी दुसऱ्याला हुंगायला सांगितलं नव्हतं.

"काही वास नाहीये," ते म्हणाले. "ओल असेल तुझ्या भिंतीला."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

झालं, काकांचा शब्द चौकातून जिन्यावर गेला आणि जिन्यावरून घराघरांत. काकांना वास येत नाही म्हणजे वास नाहीच. मग हिला कसा येतो? कुणाला आठवलं, की पेट्या ठेवायच्या वेळी हिनंच "माझ्या भिंतीला नको" म्हटलं होतं. म्हणजे हा जुना राग. कुणी म्हणालं, तिला पेटीची जागा कपडे वाळत घालायला हवी आहे. ज्यांना जिन्यात अधूनमधून वास यायचा त्यांनी आपापल्या घरातले डबे धुवून काढले, पण बोललं कुणी नाही. खतकाकांच्या नाकापुढे आपल्या नाकाची काय कथा!

लॉजनं एकदा चादरी परत पाठवल्या. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पाठवल्या नाहीत, कामच बंद केलं.

हे काकांच्या कानावर आलं त्याच आठवड्यात घरी दूध लागलं. काकू शेजारी गेल्या होत्या, दुधाकडे बघा म्हणून सांगून. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले. काकू आल्या त्या पदर नाकाला लावूनच. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं.

"अहो, घरभर धूर झालाय! वास नाही आला तुम्हाला?"

"डोळा लागला होता," काका म्हणाले. मांडीवर पेपर उघडा, डोळ्यांवर चष्मा.

काकूंनी पातेलं मोरीत टाकलं आणि खिडकी उघडायला त्यांच्या जवळून गेल्या, तशा थबकल्या. "आणि आधी हात धुवा बघू. त्या पेटीत काय मेलंय काय? किती घाण येतेय!"

काका त्या सकाळी तिसऱ्या पेटीतच हात घालून आले होते. ते उठले आणि हात धुतले. पुन्हा धुतले. आरशात स्वतःकडे बघवेना. म्हणजे इस्त्रीवाली खरं बोलत होती. आत्तापर्यंत निदान ठाऊक नसल्याची सबब तरी होती, आज तीही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चौकात कुणी नाही असं पाहून, त्यांनी पेटीत भुशाची पाटी ओतली. बाजूच्या ड्रमचा नळ गळतोय आणि पाणी पेटीच्या बुडाशी मुरतंय, हे तेव्हा त्यांना दिसलं. नळ त्यांनी चिंधीनं बांधला. पण बुडाशी सडलेला थर तसाच होता. उपाय त्यांना पाठ होता: पेटी तळापासून उपसायची, पसरायची, हवा लागू द्यायची. पण उपसली असती तर चारी बिल्डिंगांना एका क्षणात कळलं असतं की खाली काय आहे, आणि ते खतकाकांना महिनाभर कळलं नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि वर निघून गेले. चोरासारखे गेले, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

महिन्याच्या सभेत तो विषय निघणारच होता. गच्चीवर, वांग्यांच्या कुंड्यांमधे सतरंज्या टाकून सगळे बसले. इस्त्रीवाली कधी बोलायची नाही, त्या दिवशी उभी राहिली.

"पेटी उचला म्हणत नाही मी," ती म्हणाली. "माझा पण कचरा त्यातच जातो. फक्त एकदा रिकामी करून बघा. माझं लॉजचं काम गेलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काम गेलं त्याला खत काय करणार?" थोडं हसू झालं. बाईंनी हात वर करून गप्प केलं. त्या न्यायाच्या होत्या, त्यांचा दोष एवढाच की त्यांचा काकांवर विश्वास होता.

"काका, तुम्ही सांगा. वास आहे का?"

चाळीस माणसं वळून बघायला लागली. सांगायचं सगळं ओठांवर आलं होतं. ताप, डॉक्टर, साबणाची वडी, सगळं. आणि त्याच वेळी त्यांना आपल्या घरातली खुर्ची दिसली, "पाय वर घ्या" ऐकू आलं.

"मला तरी वास येत नाही," काका म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. यापेक्षा धडधडीत खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते.

"झालं तर," कुणीतरी म्हणालं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. इस्त्रीवाली एकदाच काकांकडे बघून खाली बसली. तिच्या नजरेत राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. राग नव्हता. नुसती बघत होती, आणि काका कुंडीतल्या मातीकडे बघत होते.

त्यानंतर काका पुढच्या जिन्यानं जायला लागले. तो लांब पडायचा, पण तिच्या दारावरून जावं लागायचं नाही. कपडे इस्त्रीला द्यायचे त्यांनी बंद केले. काकू म्हणाल्या, "शर्ट असा चुरगळलेला घालून हुंगायला जाणार?" ते तसाच शर्ट घालून उतरले. जेवण आधीच बेचव होतं, आता ते अर्ध्या ताटावरून उठायला लागले. मूठ नाकाशी धरून डोळे मिटले की समोर इस्त्रीवालीच, गच्चीवर उभी. तरीही ते "झालं" म्हणत राहिले. चांगल्या माणसालाही किती दिवस गप्प राहता येतं, हे बघून त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं.

महिनाअखेरीस बाई शनिवारी चौकात म्हणाल्या, "इस्त्रीवालीनं जागा सोडतेय म्हणून कळवलंय. उद्या जाणार. त्या खोलीत आपल्याला भुसा ठेवता येईल."

कुणी म्हणालं, "बरं झालं, कटकट गेली."

काकांनी हाताची मूठ उघडली. खत खाली पडलं. ते हत्यारांच्या खोलीत गेले, फावडं घेऊन आले आणि तिसऱ्या पेटीच्या पुढच्या फळ्या एकेक करून उचकटून काढल्या. मग त्यांनी तळाशी फावडं घातलं आणि ओढलं.

बुडातून काळा, चिकट लगदा चौकात आला. पहिल्या फावड्याला माणसं दोन पावलं मागे सरली. दुसऱ्याला बाईंनी नाकाला रुमाल लावला. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ओकलं. वरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. सगळ्यांनी नाकं दाबलेली, आणि मधे काका, त्या चिखलात घोट्यापर्यंत उभे, मोकळ्या नाकानं श्वास घेत.

"काका, बाहेर या!" बाई रुमालातून ओरडल्या.

"मला येत नाही वास," काका म्हणाले. मग त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "थंडीपासून येत नाही. काहीच येत नाही. ती खरं बोलत होती. मला कळलं होतं, आणि मी सभेत तोंड मिटून बसलो. नाही, तोंड उघडून बसलो, ते जास्त वाईट."

बाईंच्या रुमालामागे डोळे भरून आले होते. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "मलाही जिन्यात यायचा. वाटायचं, माझ्याच घरातलं काहीतरी असेल." मग आणखी दोघं-चौघं खाली बघत म्हणाले, की आम्हालाही यायचा.

काकांनी तो लगदा संध्याकाळपर्यंत एकट्यानं पसरला. मदतीला आलेल्यांना परत पाठवलं. घरी गेल्यावर काकूंनी पाणी तापवून ठेवलेलं होतं. "मला तरी सांगायचं," एवढंच त्या म्हणाल्या. काकांना जरा मोकळं वाटलं. चारचौघांत सांगितलं, इज्जत जायची ती गेली, आता इस्त्रीवालीची माफी मागितली की निदान झोप लागेल. बाई तर म्हणाल्याच होत्या, की आम्ही सगळे जाऊन तिला थांबवू.

रविवारी सकाळी ते मागच्या जिन्यानं खाली उतरले. इस्त्रीवाली सामान बांधत होती. टेबलाचे पाय काढून झाले होते. बाई येऊन गेल्या होत्या, पण तिनं थांबायला नाही म्हटलं होतं. नवी जागा ठरली होती, दोन रस्ते पलीकडे, तिथलं काम सोमवारपासून सुरू होणार होतं.

"मी माफी मागायला आलोय," काका दारातून म्हणाले. "मला वास येत नाही, हे काल सगळ्यांना सांगितलं."

"ऐकलं मी. भिंतीपलीकडेच तर होते."

"तुला आधी सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं, काका."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"थंडी संपताना तुम्ही इथंच उभे होतात," ती गाठोडं बांधताबांधता म्हणाली. "बटण लावून घ्यायला आला होतात. कारखान्यातलं काहीतरी सांगत होतात, मी पण ऐकण्यात गुंगले आणि उशीचा अभ्रा इस्त्रीखाली जळला. धूर सरळ तुमच्या तोंडावर जात होता. मी खोकले. रस्त्यावरचा माणूस आत डोकावून गेला. तुम्ही मात्र बोलतच होतात. तेव्हाच कळलं मला."

काकांनी दाराची चौकट धरली. "मग सभेत का नाही बोललीस? एका वाक्यात तुझं खरं झालं असतं. तुझं काम वाचलं असतं."

तिनं गाठोड्याचं दुसरं टोक ओढून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस माणसांसमोर तुम्हाला असं उघडं पाडायचं? नवरा गेल्यावर माझ्या हाताला काम नव्हतं ना, ते दिवस आठवले मला. तुमच्याकडे तर तेवढंच होतं." तिनं गाठ आवळली. "आणि मला वाटलं, तुम्हीच सांगाल. रोज वाटायचं, आज सांगतील."

काल चौकात उभं राहून जे फेडलं असं वाटत होतं, त्याला हातसुद्धा लागला नव्हता. ते परत फिरणार, तेवढ्यात तिनं दोरीवरून शेवटची मोठी चादर काढली. एकटीच्या हातांत ती मावेना.

"आलाच आहात तर टोकं धरा जरा," ती म्हणाली.

काकांनी दोन टोकं धरली. चादर ताणली, मधून दुमडली, दोघं एकेक पाऊल पुढे आले. पुन्हा ताणली, पुन्हा दुमडली. शेवटच्या घडीला ती अगदी समोर आली, आपली टोकं त्यांच्या हातात द्यायला, आणि काकांना मान काही वर करता आली नाही.